फुलांचे पत्ते आणि प्लास्टिकची युद्धनौका

(धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.)

१.
माझ्या टेबलावर सध्या दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. एक, ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेची अर्धवट जोडलेली प्लास्टिकची प्रतिकृती. दुसरी, मोबाइल फोन, आणि त्यात पत्त्यांचा एक डिजिटल खेळ. प्रबंधाची टिपणे काढून डोळे शिणले की हात या दोहोंपैकी एकीकडे वळतो. घरच्यांच्या लेखी दोन्ही पोरखेळ. मलाही बराच काळ तसेच वाटे. मग इतिहासाच्या विद्यार्थ्याची खोड आडवी आली आणि हे खेळ आले कुठून, याचा माग काढायला बसलो. एकाच्या मुळाशी जुगार निघाला, दुसऱ्याच्या मुळाशी युद्ध. दोघांनाही घरात, मुलांच्या हाती देण्याजोगे रूप मिळाले त्याची कथा बऱ्याच अंशी जपानमध्ये घडली आहे. आजचा धागा त्या कथेवर.

२.
आरंभ पत्त्यांपासून करू. १५४३ साली काही पोर्तुगीज व्यापारी एका चिनी गलबतातून जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्याजवळच्या बंदुकांनी जपानच्या लढायांचे स्वरूप पालटले, हे सर्वश्रुत आहे. त्या काळी पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेचे केंद्र गोवा होते. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाला आणि कागोशिमा बंदरात पोहोचला. या जलमार्गाने तोफा गेल्या, धर्मग्रंथ गेले, आणि खलाशांबरोबर पत्तेही गेले. पोर्तुगीज भाषेत पत्त्याला ‘कार्ता’ म्हणतात. जपानी जिभेवर त्याचे ‘कारुता’ झाले, आणि तो शब्द आजही तिथे रूढ आहे.

३.
जपानी कारागिरांनी लवकरच स्वतःचे पत्ते बनवायला घेतले. तेन्शो कालखंडावरून (१५७३ ते १५९२) या पत्त्यांना ‘तेन्शो कारुता’ हे नाव पडले. पत्ते ४८, रंग चार: दंडुके, तलवारी, नाणी आणि चषक. एक्क्यांवर पोर्तुगीज वळणाचा ड्रॅगन. क्यूशू बेटावरील मिइके हे गाव या धंद्यासाठी नावाजले. पत्त्यांमागोमाग जुगार आला आणि जुगारामागोमाग मनाई. १५९७ साली तोसा प्रांताचा अधिपती चोसोकाबे मोतोचिका याने आपल्या प्रजेसाठी जी नियमावली काढली, तीत फाशांच्या जुगाराबरोबर कारुताचाही स्पष्ट निषेध आहे. म्हणजे पत्ते देशात येऊन पुरते एक आयुष्यही उलटले नव्हते, तोच ते कायद्याच्या नजरेत आले होते.

४.
१६३९ मध्ये तोकुगावा राजवटीने पोर्तुगिजांना दारे कायमची बंद केली. माणसे गेली, पत्ते राहिले. पुढील दीड-दोन शतके एक लपंडाव चालला. शासनाने जुगाराच्या पत्त्यांवर मनाई करावी, आणि खेळणाऱ्यांनी निराळ्या चित्रांचा, निराळ्या संख्येचा संच पुढे आणावा. याच काळात ‘उन्सुन कारुता’ हा पाच रंगांचा, ७५ पत्त्यांचा संच निर्माण झाला. कुमामोतो प्रांतातील हितोयोशी या गावात तो खेळ आजवर जिवंत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, कान्सेई सुधारणांच्या काळात, जुगाराविरुद्धचा बडगा अधिक कठोर झाला. मात्र कायदा जितका कडक, तितकी पत्ते बनवणाऱ्यांची कल्पकता अधिक, असाच या काळाचा एकंदर अनुभव दिसतो.

५.
या लपंडावातून जे सर्वांत सुंदर अपत्य जन्मले ते ‘हानाफुदा’, म्हणजे फुलांचे पत्ते. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याची एक वनस्पती, प्रत्येकीचे चार पत्ते, एकूण ४८. जानेवारीचा पाइन, फेब्रुवारीचा प्लम, मार्चमधील चेरीचा बहर, ऑगस्टच्या गवतावर उगवलेला पूर्णचंद्र, ऑक्टोबरचे लालभडक मेपल. नोव्हेंबरच्या विलोखाली छत्री घेतलेला एक गृहस्थ उभा असतो आणि त्याच्यासमोर बेडूक. तो ओनो नो मिचिकाझे, दहाव्या शतकातील विख्यात सुलेखनकार. या पत्त्यांवर एकही अंक नाही. वरकरणी पाहणाऱ्याला हा निसर्गचित्रांचा संग्रह वाटावा. पण संख्या पाहा: ४८. तेन्शो कारुताची तीच बेरीज, केवळ वेष पालटलेला. शासनालाही ते कळले, आणि फुलांवरही मनाई आली.

६.
येथे आपल्याला सावंतवाडी आठवणे स्वाभाविक आहे. गंजिफा हा मुळात इराणी वाटेने आलेला खेळ. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याच खेळाने आपल्याकडे दशावतारी रूप धारण केले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२० गोल पत्ते, आणि त्यांवर हाताने रंगवलेली चित्रे. विसाव्या शतकात सावंतवाडीच्या राजघराण्याने पुढाकार घेतला म्हणून ही कला टिकली. जपानमध्ये पत्त्यांनी ऋतूंचा आश्रय घेतला, कोकणात देवांचा. दोन्हीकडची कारणे वेगळी असतील. पण परक्या भूमीतून आलेला खेळ स्थानिक संस्कृतीतील सर्वांत प्रिय प्रतिमा अंगावर घेऊन घरात शिरतो, ही रीत मात्र सारखीच.

७.
मेइजी राजवटीत, १८८० च्या दशकात, पत्त्यांच्या विक्रीवरील बंधन उठले. २३ सप्टेंबर १८८९ रोजी क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने हानाफुदा बनवण्याचे दुकान काढले. त्या दुकानाचे नाव निंतेंदो, म्हणजेच आज जगभर ‘निन्टेन्डो’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी. तिच्या एका उंची संचाच्या वेष्टनावर नेपोलियनचे चित्र असे, आणि हा संच आजही विकला जातो. जुगाराचे अड्डे हे त्या काळी या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक होते. जपानी गुन्हेगारी टोळ्यांसाठी वापरला जाणारा ‘याकुझा’ हा शब्दही पत्त्यांतूनच आला, असे सामान्यतः मानले जाते. ‘या-कु-झा’ म्हणजे आठ-नऊ-तीन. एका जुगारी खेळात या पानांची बेरीज वीस होते आणि वीस म्हणजे शून्य. हरलेला, कवडीमोल डाव.

८.
१९०२ साली सरकारने पत्त्यांवर कर बसवला. प्रत्येक संचावर कराचा शिक्का असल्याशिवाय तो विकता येईना. या करापुढे लहान कारागीर तगणे अवघड होते. मोठे कारखाने टिकले, निन्टेन्डो त्यांपैकी एक. शासनाच्या भूमिकेतील हा पालट लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या वस्तूवर दोन शतके मनाई केली, तिच्याच विक्रीतून आता तिजोरीत भर पडू लागली. अपराधी ठरलेला खेळ महसुलाचे साधन झाला. पुढे निराळ्या नावाने चालू राहिलेला हा कर १९८९ मध्ये, सर्वसाधारण उपभोग कर आला तेव्हा, रद्द झाला. म्हणजे ज्या काळात निन्टेन्डोचे व्हिडिओ गेम जगभर पोहोचले होते, त्या काळातही जपानमधील साध्या पत्त्यांच्या पेटीवर कर लागत होता.

९.
दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची तरुण वयात कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्यापुढील पेच सरळ होता. पत्ते म्हटले की लोकांना जुगार आठवतो, आणि जुगाऱ्यांच्या जिवावर धंदा किती वाढणार? १९५३ मध्ये कंपनीने जपानमध्ये प्रथमच प्लास्टिकचे पत्ते मोठ्या प्रमाणावर बनवले. १९५९ मध्ये त्यांवर डिस्नेची पात्रे आली. मिकी माउस छापलेली पेटी आई मुलाला खुशाल आणून देऊ शकत होती. फुलांनी जे अर्धेमुर्धे साधले होते, ते उंदराने पूर्ण केले. पत्ते अड्ड्यावरून दिवाणखान्यात आले.

१०.
येथे पत्ते क्षणभर मिटून ठेवू. ज्या दशकात क्योतोमध्ये प्लास्टिकचे पत्ते निघू लागले, त्याच दशकात पूर्वेकडील शिझुओका या शहरात प्लास्टिकने दुसऱ्या एका धंद्याची झोप उडवली होती. तो धंदा लाकडी प्रतिकृतींचा. शिझुओका ही लाकूडकामाची जुनी पेठ. तेथील मंदिरांच्या उभारणीसाठी आलेले कारागीर तिथेच स्थायिक झाले, अशी परंपरा सांगते. १९२४ पासून तिथे आओशिमा ही लाकडी विमाने बनवणारी संस्था होती. आज जपानी प्रतिकृतींच्या बहुतेक मोठ्या नावांचे घर हेच शहर आहे. आता या दुसऱ्या वाटेने जाऊ. ही वाट युद्धातून जाते.

११.
प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडायच्या प्रतिकृतींचा उगम ब्रिटनमधला. १९३६ च्या सुमारास ‘फ्रॉग’ या नाममुद्रेने ‘पेंग्विन’ ही विमानांची मालिका बाजारात आणली. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. हे प्रमाण पुढे अत्यंत गंभीर कामाला लागले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना द्यायचे होते. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने देशभरच्या शाळांतील मुलांकडून अशी विमाने लाकडात कोरून घेण्याची मोहीम काढली. उद्दिष्ट होते पाच लाख प्रतिकृतींचे. म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुले शाळेच्या कार्यशाळेत जी विमाने घडवत होती, ती छंदाची नव्हती. ते युद्धकार्य होते. आजही विमानांच्या पेटीवर १:७२ हा आकडा दिसतो, त्यामागे हा काळ उभा आहे.

१२.
युद्धाच्या दुसऱ्या बाजूला २० जून १९४५ रोजी शिझुओकावर अमेरिकन बॉम्बफेक झाली. सुमारे दोन हजार माणसे गेली, शहराचा मोठा भाग जळाला. ऑगस्टमध्ये जपान शरण आला. नोव्हेंबरमध्ये दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने विमानविषयक आदेश काढला. विमाने बाळगणे, उडवणे, बनवणे, त्यांवर संशोधन करणे, सर्व बंद. त्या मनाईच्या कक्षेत चालत्या प्रतिकृतीही होत्या. जेत्याला पराभूताच्या हातातील छोट्या विमानाचेही भय वाटावे, ही गोष्ट आज विचित्र वाटेल. पण आधीच्या परिच्छेदातील पाच लाख विमाने आठवली, तर ते भय निराधार नव्हते हे कळते. ही बंधने १९५२ मध्ये, जपानला सार्वभौमत्व परत मिळाले तेव्हा, सैल झाली.

१३.
योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये याच जळक्या शहरात लाकडाची वखार काढली. जोडीला लाकडी प्रतिकृतींचा विभाग सुरू केला. १९५१ मध्ये आग लागून लाकडाचा साठा भस्मसात झाला. वखार सावरेना, तेव्हा १९५३ पासून केवळ प्रतिकृतींवर लक्ष द्यायचे ठरले. इतक्यात परदेशातून प्लास्टिकची खेळणी आली. त्यांच्या रेखीवपणापुढे लाकडी नौका ओबडधोबड दिसू लागल्या. १९५८ च्या अखेरीस मारुसान कंपनीने ‘नॉटिलस’ ही पाणबुडी काढली. जपानमधील पहिली प्लास्टिक प्रतिकृती म्हणून तिचाच उल्लेख होतो. प्लास्टिकचा साचा बनवणे अतोनात खर्चाचे काम. तरी तामियांनी धाडस केले. १९६० मध्ये त्यांची पहिली प्लास्टिक प्रतिकृती आली. तिचे नाव ‘यामातो’.

१४.
यामातोविषयी थोडे सांगायला हवे. जगात बांधल्या गेलेल्या सर्वांत अवजड युद्धनौकांपैकी ही एक. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या दिशेने परतीची आशा नसलेल्या मोहिमेवर जात असताना अमेरिकन विमानांनी तिला बुडवले. सुमारे तीन हजार माणसे तिच्यासह गेली, वाचली ती तीनशेहूनही कमी. १९६० म्हणजे या घटनेला अवघी पंधरा वर्षे. ज्या घरांत ती पेटी गेली असेल, त्यांतील कित्येकांच्या भिंतीवर गणवेशातील एखाद्या काकाचे वा मामाचे छायाचित्र असेल. त्याच्याविषयी जेवताना कोणी बोलत नसेल, आणि खाली चटईवर मुलगा त्याच नौकेचे तुकडे जोडत बसला असेल. हे दृश्य माझ्या कल्पनेतील आहे. पण सालांची वजाबाकी कल्पनेतील नाही.

१५.
ती यामातो तामियांना लाभली नाही. प्रतिस्पर्ध्याने हीच नौका त्याच सुमारास कमी किमतीत आणली आणि तोटा पदरी आला. कंपनी सावरली ती जर्मन ‘पँथर’ रणगाड्यावर. १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या खेळण्यात मोटार होती, तो खरोखर चाले. त्याच्या पेटीवर शिगेरु कोमात्सुझाकी या चित्रकाराने धूर, चिखल आणि ज्वाळांतून धावून येणारा रणगाडा रंगवला होता. मोटार आणि बॅटऱ्या आत मावाव्यात म्हणून रणगाड्याचा आकार ठरवला गेला, आणि नंतर मोजता तो मूळच्या सुमारे पस्तिसावा भाग भरला. आज जगभरच्या लष्करी प्रतिकृतींचे मान्यताप्राप्त प्रमाण १:३५ आहे. हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही, तो बॅटरीच्या जाडीतून आला.

१६.
यानंतर अचूकतेचे युग आले. योशिओंचे पुत्र शुनसाकु तामिया देशोदेशीच्या संग्रहालयांत जाऊन रणगाडे मोजत, त्यांची छायाचित्रे घेत. एका पोर्शे मोटारीची प्रतिकृती करायची म्हणून त्यांनी खरी पोर्शे विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा केला. १९७१ मध्ये शिझुओकाच्या तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी एकत्र येऊन जपानी आरमारातील नौका आपसांत वाटून घेतल्या आणि १:७०० प्रमाणातील ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली. पाण्याच्या रेषेखालचा भाग नसल्याने या नौका टेबलावर ठेवल्या की समुद्रावर तरंगत असल्यासारख्या दिसतात. बुडालेले आरमार अशा रीतीने टेबलांवर पुन्हा तरंगू लागले.

१७.
या अचूकतेकडे दोन रीतींनी पाहता येते. एक आक्षेप असा की तोफांचे व्यास आणि रंगाच्या छटा मोजता मोजता माणूस विसरला जातो. युद्ध का झाले, चीन-कोरियात काय घडले, हे प्रश्न पेटीत येत नाहीत. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण दुसरी बाजूही आहे. ज्या इतिहासाविषयी घरात मौन होते, त्याच्याकडे जाण्याची एक वाट कित्येकांना या पेट्यांनीच दाखवली. माझ्यापुरते सांगायचे तर यामातोच्या त्या शेवटच्या मोहिमेविषयी मी प्रथम शोधले ते माझ्या हातात तिचा सांगाडा होता म्हणून. पदवीच्या तीन वर्षांत ते नाव माझ्यासमोर एकदाही आले नव्हते.

१८.
या पेचातून सुटण्याचा एक मार्ग १९७९ मध्ये निघाला. योशियुकी तोमिनो दिग्दर्शित ‘मोबाइल सूट गंडाम’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. प्रेक्षक मिळेनात, म्हणून ती ४३ भागांतच आटोपती घेतली गेली. जुलै १९८० मध्ये बान्दाई कंपनीने तिच्यातील यंत्रमानवाची १:१४४ प्रमाणातील प्रतिकृती ३०० येनला आणली. पुनःप्रक्षेपणाच्या लाटेवर तिने देश वेडा केला, दुकानांबाहेर रांगा लागल्या. युद्ध तेच, परंतु कल्पित. त्यात कोणाचा काका गेलेला नव्हता, कोणत्या शेजारी देशाची क्षमा मागायची राहिली नव्हती. विशेष असे की त्या मालिकेची कथा मात्र युद्धात भरडल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलांचीच होती. पेटीने वगळलेले दुःख पडद्याने सांगितले. पुढे गोंद आणि रंग यांवाचून नुसते दाबून जोडता येणारे संच आले आणि हा छंद नवशिक्यांच्याही आवाक्यात आला.

१९.
या छंदाचा आनंद कोणता, हे न केलेल्यास समजावणे कठीण. पेटी उघडली की प्लास्टिकच्या चौकटींत अडकलेले शेकडो तुकडे. एकेक कटरने सोडवायचा, कापल्याची खूण पॉलिश पेपरने घासायची, जागा शोधायची, दाबायचा, आणि ‘कट्’ असा बारीक आवाज ऐकायचा. प्रबंधात मी सहा महिने झटूनही एखादे प्रकरण जुळत नाही. येथे तुकडा क्रमांक बारा हा तुकडा क्रमांक तेराला जुळतोच. जगात नसलेली खात्री या पेटीत असते. कदाचित जळून गेलेल्या शहरातच ही खात्री बनवण्याचा धंदा फोफावावा, यात काही संगती असेल.

२०.
आता पत्त्यांची पेटी पुन्हा उघडू. १९९० मध्ये ‘विंडोज ३.०’ या संगणकप्रणालीबरोबर ‘सॉलिटेअर’ आला. तो लिहिला होता वेस चेरी या प्रशिक्षणार्थी तरुणाने, पत्त्यांची रेखाटने सुझन केअर यांची. माउसने एखादी वस्तू धरून ओढणे आणि सोडणे ही तेव्हा नवलाची क्रिया होती, तिचा सराव या खेळाने आपोआप होई. आपल्याकडील कचेऱ्यांतही पहिल्या संगणकांवर सर्वांत आधी आत्मसात झालेले कौशल्य बहुधा हेच असावे. यात समोर कोणी भिडू नाही, लावायला पैसा नाही, पत्त्यांना हाताचा घामही नाही. पत्त्यांच्या चार-पाच शतकांच्या प्रवासातील हे सर्वांत निर्मळ रूप. जुगार संपला, असे वाटण्याजोगा तो क्षण होता.

२१.
तो संपला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रचला. त्यात प्रत्येक पत्ता निराळ्या शक्तीचा, आणि पत्ते बंद पाकिटांतून विकत घ्यायचे. आत कोणते निघतील ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नाही. आरंभीच्या नियमांत तर दोन्ही खेळाडूंनी आपापला एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही ठेवायचे, अशी तरतूद होती. ती पुढे मागे पडली, बंद पाकीट मात्र राहिले. जपानमध्ये १९९६ ला पोकेमॉनचे, १९९९ ला यु-गि-ओचे पत्ते आले. पूर्वी माणूस पत्ते आणून जुगार खेळे. आता पत्ते आणणे हाच जुगार झाला आणि खेळ त्यानंतर सुरू होऊ लागला.

२२.
पडद्यावर हे पाकीट कागदाचेही उरले नाही. ‘हार्थस्टोन’ (२०१४), ‘शॅडोव्हर्स’ (२०१६) आणि त्यांसारख्या कित्येक डिजिटल खेळांत बोट फिरवले की पाकीट फुटते, झगमगाट होतो, पत्ते उलगडतात. जपानी मोबाइल खेळांत याहून पुढची एक युक्ती होती: चिठ्ठी काढल्यासारखे पत्ते मिळवत जायचे आणि ठराविक संच पूर्ण झाला की दुर्मीळ बक्षीस. मे २०१२ मध्ये तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बेकायदा ठरवली. त्यासाठी तिने आधार घेतला तो १९७७ च्या एका नियमाचा. निरनिराळ्या चित्रपत्त्यांचा संच जुळवून बक्षीस देण्याची प्रथा त्या नियमाने निषिद्ध केली होती. मोतोचिकाच्या नियमावलीपासून चारशे पंधरा वर्षांनी जपानी शासन पुन्हा पत्त्यांचीच व्याख्या करत बसले होते.

२३.
हे मी दुरून सांगत नाही. गतवर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एका खेळातील एका पत्त्यासाठी, मी एका रात्रीत मेसचे महिन्याचे पैसे घालवले. पत्ता मिळाला नाही. त्या महिन्यात मित्राच्या डब्यावर दिवस काढले आणि घरी फोनवर ‘जेवलो’ असे सांगत राहिलो. त्या रात्री मला जुगार खेळत असल्याचे एकदाही जाणवले नव्हते, कारण समोर अड्डा नव्हता. होती ती गोड चित्रे आणि मंजुळ संगीत. हानाफुदाची फुले पाहताना आता मला ती रात्र आठवते. फुले सुंदर होतीच. ती कशावर पांघरली आहेत, हे ठाऊक असते तर मी निदान पाकिटांची संख्या मोजली असती.

२४.
ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडेही ऑनलाइन खेळांविषयी केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना वेगळे काढले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. तेव्हापासून चाललेला वाद आता नव्या वळणावर आहे. वर पाहिलेला इतिहास एवढेच सुचवतो की मनाईची रेषा जिथे आखली जाते, तिच्या पलीकडे लगेच नव्या चित्रांचा संच तयार होतो. म्हणून कायद्याइतकेच महत्त्व खेळणाऱ्याच्या जाणतेपणाला आहे.

२५.
मग हे छंद सोडावेत काय? मला तसे वाटत नाही. लहानपणी आम्ही दिवाळीत वाड्याच्या अंगणात किल्ला करत असू. दगड-विटांवर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, बुरुजावर तोफ, पायथ्याशी मावळे. तेही एका युद्धाचेच लहान रूप होते. आजोबा शेजारी बसून कोणता दरवाजा कुठे होता ते सांगत, आणि त्या वेढ्यात कितीजण उपाशी राहिले असतील तेही सांगत. किल्ला तोच, पण शेजारी सांगणारे कोणी होते. पेटीतल्या नौकेला आणि पडद्यावरच्या पत्त्याला उणीव असते ती या सांगणाऱ्याची. ती जागा इतिहासाने घ्यावी, एवढीच या धाग्यामागची इच्छा.

२६.
जपानमधील कुरे या बंदरात, जिथे यामातो बांधली गेली, तिथे २००५ पासून एक संग्रहालय आहे. मधोमध तिची १:१० प्रमाणातील, २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती, आणि दालनांत तिच्यावरील माणसांची शेवटची पत्रे. नौका आणि पत्रे एकाच छताखाली. माझ्या टेबलावरची यामातो येत्या रविवारी पूर्ण होईल. तिच्या लाकडी फळीवर नावाखाली ७ एप्रिल १९४५ ही तारीख लिहायची ठरवले आहे. फोनमधला पत्त्यांचा खेळ चालू आहे. पाकिटे मात्र आता घेत नाही. जे पत्ते हाती आहेत त्यांवरच खेळतो, आणि पुष्कळदा हरतो.

तपशिलात चूक आढळल्यास जरूर निदर्शनास आणावी. आणि आपल्या घरी गंजिफाचा जुना संच किंवा माळ्यावर अर्धवट राहिलेली एखादी प्रतिकृती असेल, तर तिच्याविषयी खाली अवश्य लिहावे.